डिझेल हीटरच्या धुरातली उष्णता वर्कशॉपमध्ये आणताना

ब्रिटनमध्ये घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये किंवा बागेतल्या शेडमध्ये सुतारकाम, सायकलदुरुस्ती, वेल्डिंग असे काही करणाऱ्या मराठी मंडळींची नोव्हेंबर उजाडला की एकच तक्रार असते: हात गारठतात, गोंद सुकत नाही आणि हत्यारांवर गंज चढतो. यावर हल्ली बरेच जण डिझेलवर चालणारा छोटा एअर हीटर बसवतात. वेबास्टो आणि एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांनी तो ट्रकच्या केबिनसाठी रूढ केला आणि आता त्याच्या स्वस्त चिनी आवृत्त्या सर्वत्र मिळतात. हीटर बसवून झाला, की भिंतीबाहेर आलेल्या एक्झॉस्टच्या नळीजवळ हात नेऊन प्रत्येक जण म्हणतो, की एवढी उष्णता फुकट चालली आहे. ती आत आणता येते, परंतु धूर बाहेर ठेवून फक्त उष्णता भिंतीच्या आत येऊ देणारी मांडणी केली तरच. पुढचा सगळा लेख त्या एका अटीभोवती आहे.

१. मिळणार किती, याचा हिशेब आधी करा

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० किलोवॉट-तास ऊर्जा असते. मध्यम गतीवर हीटर तासाला पाव लिटर जाळतो, म्हणजे सुमारे अडीच किलोवॉट. यातला मोठा भाग हीटरच्या आतल्या अॅल्युमिनियमच्या फिन्सवरून (पातळ पट्ट्यांवरून) खोलीच्या हवेत जातो आणि उरलेला धुरावाटे बाहेर पडतो. पाव लिटर डिझेल जळताना तासाला सुमारे पाच किलो धूर तयार होतो. हा धूर २५० अंशांवरून ८० अंशांपर्यंत थंड केला, तर हाती येतात अंदाजे २५० वॉट. हीटर पूर्ण जोरात, म्हणजे तासाला अर्ध्या लिटरवर चालला, तर अर्ध्या किलोवॉटच्या आसपास मजल जाते.

याचा सरळ अर्थ असा, की इंधनाच्या सुमारे दहावा हिस्सा परत मिळतो. मध्यम गतीवर तासाला २५ मिलिलिटर डिझेल वाचते, आणि डिझेल लिटरला १ पौंड ४० पेन्स धरले तर ही बचत तासाला साडेतीन पेन्स होते. शनिवार-रविवारी दोन-दोन तास काम करणाऱ्याने केवळ पैशासाठी हा उद्योग करू नये. हीटर दिवसभर पूर्ण जोरात चालवूनही वर्कशॉप तापत नसेल, भंगारातून भाग स्वस्त मिळत असतील आणि असे काम करण्याची आवड असेल, तर मात्र तो जरूर करावा.

२. त्याआधी दाराकडे पाहा

गॅरेजचे वर उघडणारे दार बहुधा एका पत्र्याचे असते. त्याचे क्षेत्रफळ साधारण साडेचार चौरस मीटर धरले आणि आत बाहेरपेक्षा १५ अंश जास्त तापमान असेल, तर त्या एकट्या दारातून साडेतीनशे वॉटच्या पुढे उष्णता निघून जाते. धुरातून जेवढे मिळवायचे त्यापेक्षा ही गळती जास्त आहे. दारामागे २५ मिलिमीटर जाडीची पीआयआर फोमची (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमची) पाटी बसवली, की ती पन्नास-साठ वॉटवर येते. या कामात ना धूर आहे, ना पंप, ना पाणी. म्हणून दार आणि छताचे काम उरकल्यावरच पुढच्या पायरीकडे वळावे. सगळ्या फटी मात्र बंद करू नका; वर्कशॉपमध्ये ताज्या हवेचा एखादा कायमचा झरोका असलाच पाहिजे.

३. मांडणी निवडणे

इंटरनेटवर दिसणारी सर्वांत सोपी युक्ती म्हणजे एक्झॉस्टची नळीच वर्कशॉपमधून फिरवून दुसऱ्या टोकाला बाहेर काढणे. ही करू नये. हीटरमधला पंखा धूर ढकलत असतो, त्यामुळे नळीत बाहेरच्या हवेपेक्षा किंचित जास्त दाब असतो, आणि जिथे बारीकशी फट असेल तिथून धूर खोलीत येतो. चुलीच्या धुराड्यात धूर वर ओढला जातो म्हणून लहानसहान फटी खपून जातात. इथे तसे होत नाही. शिवाय हीटरसोबत येणारी लवचिक नळी पत्र्याची पट्टी गुंडाळून केलेली असते आणि तिची शिवण वायुरोधक असेलच असे नाही. सोबतचा सायलेन्सर तर दोन अर्धुके दाबून जोडलेला असतो आणि त्याच्या पोटाला पाणी निथळण्यासाठी मुद्दाम ठेवलेले भोक असते. हीटर चालू असताना त्या भोकापुढे आरसा धरला तर क्षणात वाफ धरते आणि पुसल्यावर बोटाला काळे लागते. असा भाग बंद खोलीत ठेवणे म्हणजे संकटाला आमंत्रण आहे.

दुसरी युक्ती तितकीच घातक आहे: हीटर जिथून खोलीची हवा ओढतो, त्या तोंडाशी गरम एक्झॉस्ट नळी ठेवणे. तिथे ओढ असल्यामुळे गळणारा प्रत्येक कण हीटरचा पंखाच खोलीभर पसरवतो.

आपल्याकडच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळकांड्यात जाळ आणि धूर, भोवती पाणी, आणि दोघांची कधी गाठ पडत नाही. तीच रचना इथे भिंतीबाहेर करायची आहे. धूर बाहेरच एका हीट एक्सचेंजरमधून जाईल, त्याच्या भोवतीचे पाणी तापेल आणि ते पाणी तेवढे भिंतीतून आत येऊन रेडिएटर तापवील. कुठे गळती झालीच, तर आत पाणी सांडेल, धूर येणार नाही.

४. साहित्य

• जुन्या डिझेल गाडीचा ईजीआर कूलर. धूर इंजिनाच्या पाण्याने थंड करण्यासाठीच हा स्टेनलेस स्टीलचा भाग बनवलेला असतो आणि गाड्यांच्या भंगार यार्डात तो मिळतो.
• घरातून काढून टाकलेला एक मीटर लांबीचा एकेरी पॅनेल रेडिएटर.
• १२ व्होल्टचा, गरम पाणी सहन करणारा ब्रशलेस पंप.
• गाडीच्या कूलंटसाठीचा रबरी किंवा सिलिकॉनचा होज, १५ ते १९ मिलिमीटर व्यासाचा, आणि क्लिपा.
• झाकणाला भोक असलेली प्लास्टिकची कूलंटची टाकी.
• प्रॉपिलीन ग्लायकॉलचे अँटिफ्रीझ.
• ४५ अंशांना जोडला जाणारा बायमेटल थर्मल स्विच आणि फ्यूज.
• एक्झॉस्ट क्लॅम्प, एक्झॉस्ट पेस्ट, नळीला गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी, रॉकवूल (उष्णतारोधक दगडी लोकर).
• आकडे दाखवणारे दोन कार्बन मोनॉक्साइड (धुरातला विषारी वायू) अलार्म. हे सर्वांत आधी खरेदी करा.

कागदपत्रांच्या बाबतीत दोन गोष्टी पुरतात. हीटरची माहितीपुस्तिका जपून ठेवा, कारण एक्झॉस्टची कमाल लांबी आणि वळणांची मर्यादा तिच्यात दिलेली असते. आणि घराच्या विमा कंपनीला हीटर बसवल्याचे लेखी कळवून त्यांचे उत्तर सांभाळून ठेवा. आग लागल्यावर हा विषय निघणे परवडत नाही. घर भाड्याचे असेल तर मालकाची परवानगीही लेखीच घ्यावी.

५. कूलर पारखून घ्या

या कामात सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, कारण भंगारातला ईजीआर कूलर बऱ्याचदा तडकलेला असतो. किंबहुना तडकला म्हणूनच तो गाडीतून निघालेला असतो. विकत घेताना धुराच्या तोंडात टॉर्च मारून पाहा. आत कोरडी, मखमलीसारखी काळी काजळी दिसली तर ठीक. काजळी ओलसर चिकट असेल, किंवा तिच्यावर पांढरट, गुलाबी अथवा हिरवट खरपुडी धरलेली असेल, तर आतून कूलंट झिरपलेले आहे. असा कूलर तिथेच ठेवून द्या.

घरी आणल्यावर पाण्याच्या बाजूचे एक तोंड रबरी बुचाने बंद करावे, दुसऱ्याला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवावा आणि पंपाने सुमारे अर्धा बार दाब भरून कूलर पाण्याच्या बादलीत पूर्ण बुडवावा. सुरुवातीला अडकलेली हवा निघते, त्यामुळे पहिल्या मिनिटातल्या बुडबुड्यांवरून निष्कर्ष काढू नये. पाव तासाने पुन्हा पाहावे. धुराच्या तोंडातून दर काही सेकंदांनी एखादा जरी बुडबुडा येत राहिला, तरी कूलर बाद. डाग देऊन, पेस्ट लावून तो वाचवण्याच्या भानगडीत पडू नये.

काजळी काढायला ओव्हन साफ करण्याचे कॉस्टिक रसायन उत्तम काम करते, परंतु कूलरचा एखादा भाग अॅल्युमिनियमचा असेल तर हे रसायन तो खाऊन टाकते, म्हणून आधी लोहचुंबक आणि कानस वापरून धातू ओळखावा. पुष्कळसे स्टेनलेस स्टीलही लोहचुंबकाला चिकटत नाही. अॅल्युमिनियमवर मात्र कानस चटकन बसते. रसायन वापरताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

६. धुराची बाजू जोडणे

हीटर आत बसवलेला असेल तर त्याची खालची पाटी गॅस्केटसह भिंतीवर किंवा जमिनीवर अशी पक्की असावी, की एक्झॉस्टचे तोंड आणि त्यावरचा क्लॅम्प पूर्णपणे बाहेरच्या बाजूला येतील. जोड आत राहत असेल तर आधी हीटरची जागा बदला. एक्झॉस्टचे तोंड वर किंवा खाली कसे चालते, तेही पुस्तिकेत पाहून घ्या. हीटर जळणासाठी जी हवा घेतो तिची नळीसुद्धा बाहेरच असावी आणि धुराच्या तोंडापासून लांब असावी, नाहीतर हीटर स्वतःचाच धूर ओढतो आणि काजळी धरतो.

कूलरच्या तोंडांना दोन-तीन बोल्टचे फ्लँज (जोडायच्या चपट्या कडा) असतात आणि ते हीटरच्या २४ मिलिमीटरच्या नळीला सरळ बसत नाहीत. सायलेन्सरची कामे करणाऱ्या गॅरेजमध्ये स्टेनलेसच्या नळीचे तुकडे त्यावर वेल्ड करून घ्यावेत. धुराचा मार्ग कुठेही हीटरच्या मूळ नळीपेक्षा अरुंद होता कामा नये. मार्ग अरुंद झाला की जळणाला हवा कमी पडते, काजळी साचते, त्यामुळे मार्ग आणखी अरुंद होतो, आणि शेवटी ज्योत विझल्याचा इशारा देऊन हीटर बंद पडतो. सायलेन्सर वापरायचा असेल तर तो कूलरच्या नंतर, मोकळ्या हवेत लावावा.

हीटरपासून कूलरपर्यंतचा तुकडा शक्य तितका आखूड ठेवून त्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळावी, म्हणजे मिळवायची उष्णता वाटेतच वाया जाणार नाही. कूलरभोवती रॉकवूल लावून वर पत्र्याचे छप्पर करावे. कूलर नेहमी उतरता बसवावा, धूर बाहेर पडण्याचे तोंड सर्वांत खाली. हीटर सुरू होताना कूलरमधले पाणी थंड असते, त्यामुळे धुरातली वाफ आत दव धरते आणि ते आम्लयुक्त पाणी निथळून गेलेच पाहिजे. कडाक्याच्या थंडीत हेच थेंब तोंडाशी गोठून बर्फाचे बूच तयार होते, म्हणून शेवटची नळी आखूड आणि उतरती ठेवा. धुराचे तोंड खिडकी, दार, झरोका आणि शेजाऱ्यांचे कुंपण यांपासून दूर वळवलेले असावे.

७. पाण्याची बाजू: बंद सर्किट कधीही करू नका

कूलरमध्ये जेमतेम पाव लिटर पाणी मावते. पंप थांबला आणि हीटर चालूच राहिला, तर ते पाणी तीन-चार मिनिटांत उकळू लागते. वाफेला बाहेर पडायला वाट नसेल तर होज फुटतो आणि उकळते पाणी अंगावर येते. म्हणून हे सर्किट वरून उघडे असले पाहिजे. कूलरच्या गरम तोंडाजवळून एक नळी सतत चढत जाऊन सर्वांत उंचावरच्या टाकीत सोडावी आणि तिच्या वाटेत एकही व्हॉल्व्ह, एकही कॉक असू नये. टाकीच्या झाकणाचे भोक बुजलेले नाही ना, हे अधूनमधून पाहावे.

रेडिएटर कूलरपेक्षा वरच्या पातळीवर बसवला तर आणखी एक फायदा होतो. गरम पाणी हलके असल्याने आपोआप वर चढते आणि पंप बंद असतानाही थोडेफार अभिसरण चालू राहते. एक मीटरचा एकेरी पॅनेल रेडिएटर चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या पाण्यावर तीन-चारशे वॉट सहज देतो, त्यामुळे पंखा लावायची गरज नाही. लाकडाचा भुसा उडणाऱ्या वर्कशॉपमध्ये पंखा नसलेलाच बरा. मिनिटाला एक लिटर एवढा प्रवाह पुरे, कारण २५० वॉटमध्ये तेवढ्या पाण्याचे तापमान फेरीगणिक फक्त साडेतीन अंशांनी वाढते. मोठा पंप आणून काही साधत नाही.

पाण्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल ३० टक्के मिसळले तर साधारण उणे १३ अंशांपर्यंत ते गोठत नाही. गाडीत घालतात ते एथिलीन ग्लायकॉल इथे टाळावे. ते चवीला गोडसर आणि विषारी असते, आणि जमिनीवर सांडलेले मांजर चाटून जाते. बागेतला पाण्याचा साधा होजही नको. तो या तापमानाला मऊ पडून क्लिपेतून निसटतो. सर्किट भरताना रेडिएटरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून पाणी येईपर्यंत थांबावे.

८. वीज

पंप हीटरच्या बटणाशी जोडण्याचा मोह होईल, पण हीटर बंद केल्यावरही आतला पंखा काही मिनिटे चालू असतो आणि त्या वेळात कूलर तापतच राहतो. त्याऐवजी थर्मल स्विच कूलरच्या अंगावर पक्का बांधावा आणि त्यातूनच पंपाला वीज द्यावी. कूलर ४५ अंशांना पोहोचला की पंप सुरू होतो आणि निवला की आपोआप थांबतो. माणसाने काही लक्षात ठेवायला नको. पंपाला वेगळा फ्यूज द्या.

हीटर पेटताना ग्लो प्लग (इंधन पेटवणारी तापती कांडी) सुमारे १० अँपिअर ओढतो, म्हणून १२ व्होल्टचा पुरवठा १५ ते २० अँपिअरचा असावा. आणि चालू हीटरची वीज कधीही भिंतीवरच्या स्विचवरून तोडू नका. पंखा एकदम थांबला की आतली उष्णता अडकून हीटर करपतो.

९. पहिली पेटवणी

दार उघडे ठेवून, दोन्ही अलार्म चालू करून आणि हाताशी कोरड्या पावडरचे अग्निशामक ठेवून सुरुवात करावी. पहिली काही मिनिटे पांढरा धूर येतो, तो नवीन हीटरमध्ये नेहमीचा आहे. त्यानंतर धूर डोळ्यांना दिसेनासा झाला पाहिजे. काळा धूर दिसला किंवा डोळे चुरचुरले तर हीटर रीतसर बंद करून धुराचा मार्ग तपासा. हीटर स्थिर झाला की साबणाचे पाणी ब्रशने प्रत्येक थंड जोडावर लावून फेस येतो का ते पाहावे. गरम जोडांवर ते लगेच वाळते, म्हणून तिथे हीटर नुकताच पेटलेला असतानाच तपासणी उरकावी.

अर्ध्या तासाने शेवटच्या नळीचे तापमान मोजा. ते ८० ते १०० अंशांच्या आसपास असेल तर मांडणी जमली आहे. त्याहून थंड करण्याची हाव धरू नये. उरलेल्या थोड्या वॉटसाठी आम्लाचे पाणी आणि काजळी वाढत जाते.

१०. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नीट समजून घ्या

खोक्यावर बीएस ईएन ५०२९१ हे मानक छापलेले असल्याची खात्री करा. या मानकानुसार अलार्म ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू) तासाभराने ते दीड तासाने वाजतो, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत आणि ३०० पीपीएमला तीन मिनिटांच्या आत. म्हणजे ३० पीपीएम वायू खोलीत तासन्‌तास असला तरी साधा अलार्म गप्प राहू शकतो. आकडे दाखवणारा अलार्म घ्यायला सांगितले ते यासाठीच. शून्याऐवजी दुसरा कुठलाही आकडा टिकून राहिला, की काम थांबवून हीटर बंद करावा आणि बाहेर पडावे. एक अलार्म कामाच्या टेबलाशी, श्वासाच्या उंचीवर आणि हीटरपासून एक ते तीन मीटर अंतरावर लावा. गॅरेज घराला चिकटून असेल तर दुसरा घरातल्या लगतच्या खोलीत. डोके दुखणे, मळमळ आणि सुस्ती ही लक्षणे सर्दी-थकव्यासारखी असतात, आणि एकट्याने काम करणारा माणूस त्यांकडे दुर्लक्ष करतो. बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटत असेल तर ते थकव्याचे लक्षण नव्हे. बेशुद्धी किंवा गोंधळलेपणा दिसला तर ९९९ वर फोन करा.

११. इंधन आणि देखभाल

पेट्रोलपंपावरचे डिझेल चालते. घर तापवायचे रॉकेल, ज्याला इथे हीटिंग ऑइल म्हणतात, ते या हीटरमध्ये कमी काजळी धरते. पण पंपावरच्या डिझेलमध्ये गंधक किलोला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसतो आणि हीटिंग ऑइलमध्ये त्याच्या कित्येक पटींनी चालतो, त्यामुळे कूलरमध्ये निथळणारे पाणी जास्त आम्लयुक्त होते. रॉकेल वापरणाऱ्यांनी कूलर अधिक वेळा उघडून पाहावा. लाल डिझेल (कमी करात मिळणारे, रंग घातलेले डिझेल) वापरण्याची मुभा १ एप्रिल २०२२ पासून बहुतेक व्यवसायांना उरलेली नाही. वर्कशॉपमधून पैसे कमावत असाल तर त्या वाटेला जाऊ नका.

हीटर दिवसभर मंद गतीवर ठेवण्यापेक्षा, दर वेळी बंद करण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे पूर्ण जोरात चालवावा, म्हणजे आत साचलेली काजळी जळून जाते. हंगामाच्या मध्यावर एकदा कूलरचा खालचा फ्लँज उघडून ब्रश फिरवावा, क्लॅम्प पुन्हा आवळावेत आणि टाकीतली पाण्याची पातळी पाहावी. पातळी सारखी उतरत असेल आणि बाहेर कुठे ओल दिसत नसेल, तर कूलर आतून तडकला आहे असे समजून तो काढावा आणि पुन्हा बादलीत बुडवून तपासावा. दुसरा मिळेपर्यंत एक्झॉस्टची जुनी नळी थेट बाहेर जोडून हीटर वापरता येतो, म्हणून ती नळी टाकून देऊ नका.